बॅटरीवरचा आळ

किल्ली फिरवली आणि गाडीने सेल्फ घेतला नाही, की बॅटरी गेली असे धरायचे आणि ती बदलून टाकायची, हा छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर जवळजवळ नियम होऊन बसला आहे. सिडकोतल्या गल्लीत उभी असलेली जुनी हॅचबॅक असो की वाळूजची शिफ्ट सुटल्यावर निघालेली सेकंडहँड सेडान, निदान तेच आणि इलाजही तोच. या रिवाजाची बाजू घेणारे चार मुद्दे हमखास मांडतात. बहुतेक वेळा दोष बॅटरीचाच असतो. नवी बॅटरी टाकली की गाडी सुरू होते, म्हणजे निदान बरोबरच होते. तपासत बसण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते. आणि दुसरे काही बिघडलेच असेल तर स्कॅनर ते दाखवतो. यांतला दुसरा मुद्दा सर्वांत भक्कम वाटतो आणि तोच सर्वांत पोकळ आहे. त्याच्याकडे वळण्याआधी वीज गाडीत कोणत्या वाटेने जाते ते पाहायला हवे.

सेल्फ मारण्याच्या कामी दोन सर्किटे असतात, एक मोठे आणि एक छोटे. मोठे सर्किट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून निघते. जाड केबलने ते स्टार्टरवरच्या सोलेनॉइडच्या बोल्टपर्यंत येते. जर्मन प्रमाणपद्धतीत या जागेला ३० हा क्रमांक आहे. तिथून सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट, कार्बन ब्रश, आर्मेचर, मग इंजिनचा धातू, अर्थिंगची पट्टी, गाडीची बॉडी आणि शेवटी निगेटिव्ह टर्मिनल. लहान पेट्रोल गाडीतही या वाटेने साधारण १०० ते २०० अँपिअर करंट वाहतो, डिझेल गाडीत त्याहून अधिक. छोट्या सर्किटाचे काम एवढेच, की किल्लीचा हुकूम सोलेनॉइडच्या ५० क्रमांकाच्या पिनेपर्यंत पोचवायचा. त्यात किल्लीचा स्विच, फ्यूज, स्टार्टरचा रिले, क्लचखालचा किंवा गिअरचा सुरक्षा-स्विच आणि नव्या गाड्यांत इमोबिलायझर येतो. दोन्ही सर्किटे मिळून डझनभर तरी सांधे होतात. बॅटरी त्यांच्यातला एक घटक आहे. उरलेल्यांपैकी कोणताही सांधा रुसला तरी बाहेरून दिसणारे दृश्य एकच असते: गाडी सुरू होत नाही.

विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकपासून रूढ झाला, पण भारतात अँबॅसेडर आणि जीपबरोबर लोखंडी हँडल पुढे कितीतरी दशके येत राहिले. हँडल मारण्यात जोर लागे आणि उलटा झटका बसला तर मनगटाचे काही खरे नसे. तरीही त्या हँडलचा एक मोठा उपयोग होता, तो आता विसरला गेला आहे. बॅटरीत स्पार्कपुरती धुगधुगी असताना हँडल मारून इंजिन सुरू झाले, तर इग्निशन आणि पेट्रोलची बाजू ठीक आणि दोष बॅटरी ते स्टार्टर या पट्ट्यात, हे एका फेऱ्यात कळे. हँडल मारूनही इंजिन बोलले नाही, तर सेल्फच्या वाटेला जाण्याचे कारण उरत नसे. दोषाचे क्षेत्र निम्मे करायचे, मग त्याचे निम्मे करायचे, ही शोधाची रीत त्या ओबडधोबड अवजारात आपोआप होती. हँडल गेले तशी ती रीतही बऱ्याच ठिकाणी गेली, आणि तिच्या जागी अंदाज आला.

आजच्या गाडीतही ती रीत चालवता येते, तीसुद्धा कुठलेही उपकरण न घेता. हेडलाइट लावून सेल्फ मारायचा, दिव्याकडे बघायचे आणि आवाजाकडे कान द्यायचा. सेल्फ मारताना दिवा जरासुद्धा मंद झाला नाही आणि आवाजही आला नाही, तर मोठ्या सर्किटातून करंट गेलेलाच नाही. अशा वेळी बॅटरी शेवटच्या संशयितांपैकी आहे. शोध छोट्या सर्किटातून सुरू करायला हवा. फ्यूज पाहावा. स्टार्टरचा रिले काढून त्याच क्रमांकाचा आणि त्याच बनावटीचा हॉर्नचा रिले तिथे बसवून पाहावा. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाड्यांत पेडलवरचा रबरी ठोकळा झिजून गळून पडला, की स्विच दबतच नाही. काही रुपयांच्या त्या रबरापायी काही हजारांची बॅटरी बदलली जाते. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पी ऐवजी एन वर घेऊन सेल्फ मारून पाहावा. एन वर घेतला आणि पी वर घेतला नाही, तर दोष सुरक्षा-स्विचच्या जुळणीत आहे. बटणाच्या गाडीत रिमोटमधला बटणसेल उतरला असेल तर रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरल्यावर बहुतेक गाड्या त्याला ओळखतात.

एकच जोरदार ‘टक्’ आवाज आला आणि इंजिन फिरले नाही, तर छोटे सर्किट निर्दोष आहे. हुकूम पोचला, सोलेनॉइड ओढला गेला, पण पुढे करंट पोचला नाही किंवा पोचूनही आर्मेचर फिरले नाही. जळालेले कॉन्टॅक्ट, झिजलेले कार्बन ब्रश किंवा मोठ्या सर्किटातला सैल सांधा, असा हा प्रदेश आहे. स्टार्टरच्या अंगावर पान्याने ठोकल्यावर गाडी सुरू होते ती अडकलेले ब्रश क्षणभर टेकतात म्हणून. ठोकणे हा दोषाचा पुरावा आहे. दुरुस्ती समजून तो रोज वापरला तर कधीतरी तो ऐन घाटात दगा देतो.

मशीनगनसारखी ‘टकटकटकटक’ ऐकू आली, तर कथा वेगळी. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. कॉन्टॅक्ट जुळले, की स्टार्टर करंट मागतो, व्होल्टेज कोसळते, धरून ठेवणारी गुंडाळी सोडून देते, व्होल्टेज पुन्हा सावरते, सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला कित्येकदा घडते. या आवाजावर तर सगळे एकमुखाने बॅटरीचे नाव घेतात, आणि बहुधा ते बरोबरही असते. तरी व्होल्टेज बॅटरीच्या पोटात कोसळते, की टर्मिनलवरच्या पांढऱ्या क्षारात, हे आवाज सांगत नाही. बॅटरीच्या शिशाच्या खुंटाला आणि त्यावर बसवलेल्या क्लँपला मीटरची एकेक टोके लावली, की सेल्फ मारताना ते कळते. तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर बॅटरीवर आळ घेण्याआधी क्लँप उघडून घासायला हवा.

इथे मीटर कसा वापरायचा हा प्रश्न येतो. बदलून टाकण्याच्या पंथाची गोची इथेच होते, कारण या पंथातही मीटर असतोच. बोनेट उघडले जाते, बॅटरीला मीटर लावला जातो आणि १२ च्या पुढे आकडा दिसला, की बॅटरी चांगली, १२ च्या खाली दिसला, की वाईट, असा निवाडा होतो. दोन्ही निवाडे चुकीचे असू शकतात. पूर्ण चार्ज असलेली आणि काही तास शांत असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव, त्याखाली जवळजवळ रिकामी. हा आकडा आत किती चार्ज आहे ते सांगतो. तो चार्ज २०० अँपिअरच्या मागणीला देता येईल की नाही, याबद्दल तो मुका असतो. सल्फेट धरलेली बॅटरी बिनभाराची १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच ७ व्होल्टवर येते. उलट ११.८ दाखवणारी बॅटरी कधी कधी धडधाकट असते. रात्रभर आतला दिवा जळत राहिला, एवढाच तिचा गुन्हा.

संभाजीनगरकरांना हा भेद समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. जायकवाडी काठोकाठ भरलेले असताना घरचा नळ कित्येक दिवस कोरडा राहतो, याचा अनुभव या शहराइतका कुणाला नसेल. धरणाची पातळी मोजून नळाला पाणी का नाही ते कळत नाही. पैठणपासून शहरापर्यंतच्या जलवाहिनीत दाब कुठे गळतो ते पाहावे लागते. बॅटरीवर मीटर लावणे म्हणजे धरणाची पातळी मोजणे आहे.

वाटेतला दाब मोजण्याच्या तपासणीला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. हँडब्रेक ओढून गाडी न्यूट्रलला घ्यावी. पेट्रोल पंपाचा रिले किंवा फ्यूज काढून ठेवावा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर धरावे, क्लँपवर नव्हे. काळे टोक स्टार्टरच्या ३० क्रमांकाच्या बोल्टवर धरावे आणि दुसऱ्या माणसाने चार-पाच सेकंद सेल्फ मारावा. मीटरवर दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. मग एक टोक इंजिनच्या कोऱ्या धातूवर आणि दुसरे निगेटिव्ह खुंटावर धरून पुन्हा सेल्फ मारावा. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या पुढे जाऊ नये. आकडा जास्त आला तर टोक एकेक सांधा अलीकडे सरकवत आणावे. ज्या सांध्याच्या पलीकडे आकडा मोठा आणि अलीकडे लहान, तो सांधा दोषी. दोन माणसे, एक साधा मीटर आणि फार तर पंधरा मिनिटे, एवढ्यात स्टार्टरबाहेरच्या मोठ्या सर्किटाचा सगळा हिशेब लागतो.

तोच मीटर कंटिन्युइटीवर ठेवून केबलची बीप ऐकणे हा या तपासणीला पर्याय नाही. दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या केबलचीही बीप वाजते, कारण मीटर तिच्यातून नगण्य करंट पाठवतो. ०.०१ ओहमचा अडथळा साध्या मीटरला दिसत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो. पण १५० अँपिअर वाहताना त्याच ०.०१ ओहमवर दीड व्होल्ट गळतो. दोष केवळ भाराखाली प्रकट होतो, म्हणून तो भाराखालीच मोजावा लागतो.

या तपासणीत सर्वांत जास्त वेळा सापडणारी आणि सर्वांत कमी वेळा पाहिली जाणारी जागा म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून सुटे असते. विणलेल्या तांब्याची ती पट्टी दोघांना जोडते. क्लचप्लेट किंवा गिअरबॉक्सच्या कामात ती सोडली जाते, आणि नंतर कधी रंगावर कसली जाते, कधी हाताने आवळून तशीच राहते, कधी बसवायचीच राहून जाते. मग स्टार्टरचा करंट मिळेल त्या धातूने परत जातो. क्लच किंवा ॲक्सिलरेटर लोखंडी केबलचा असेल तर त्या केबलमधूनही जातो. सेल्फ मारताना क्लचची केबल गरम होते, तिच्या आवरणातून धूर निघतो, आणि बॅटरी मात्र नवी बसवलेली असते. अशा गाडीचे हेडलाइट सेल्फ मारतानाही प्रखर राहतात, कारण त्यांचे अर्थिंग बॉडीला असते, इंजिनला नसते. या एका खुणेवरून दोषाचा पत्ता लागायला हवा.

आता त्या दुसऱ्या मुद्द्याकडे. नवी बॅटरी टाकली आणि गाडी सुरू झाली, यावरून जुनी बॅटरी खराब होती हे सिद्ध होते का? बॅटरी बदलताना आणखी काय काय होते ते पाहिले, तर उत्तर मिळते. जुने क्लँप सोडवले जातात. त्यांच्यातला क्षार पॉलिश पेपरने घासला जातो, बहुधा गरम पाणीही ओतले जाते. नव्या चकचकीत खुंटावर ते क्लँप घट्ट आवळले जातात. दोन सांध्यांची दुरुस्ती झाली आणि शिवाय बॅटरी बदलली. यांपैकी कशामुळे गाडी सुरू झाली, हे या प्रयोगातून कळूच शकत नाही. जुनीच बॅटरी घासलेल्या क्लँपनी पुन्हा जोडून एकदा सेल्फ मारला असता तर कळले असते. तेवढे कुणी करत नाही, कारण तोवर जुनी बॅटरी बदलीच्या भावात गेलेली असते.

दुसरा घोटाळा अधिक फसवा आहे. एका गाडीची जुनी बॅटरी सेल्फ मारताना १०.६ व्होल्ट देते, पॉझिटिव्ह वाटेत ०.३ जातो आणि खराब अर्थिंगमध्ये १.६ जातो, असे धरा. स्टार्टरच्या वाट्याला ८.७ व्होल्ट येतात, सेल्फ जड पडतो, इंजिन सुरू होत नाही. नवी बॅटरी त्याच भाराखाली ११.२ देते. अर्थिंग तेवढेच खराब, पण आता स्टार्टरला ९.३ च्या आसपास मिळतात आणि गाडी कशीबशी उचलते. मालक समाधानाने घरी जातो. पट्टीचा गंज वाढतच राहतो, आणि काही महिन्यांनी ‘नवी बॅटरीसुद्धा टिकत नाही’ अशी तक्रार सुरू होते. मग आळ कंपनीवर, वॉरंटीवर, कधी गाडीच्या नशिबावर. १०.६ देणारी ती जुनी बॅटरी अजून वर्षभर सहज चालली असती.

बहुतेक वेळा दोष बॅटरीचाच असतो, हा मुद्दा आकड्यांनी मांडता येतो आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. जर्मनीच्या एडीएसी या वाहनचालकांच्या संस्थेच्या अलीकडच्या आकडेवारीत मदतीच्या हाकांपैकी ४० टक्क्यांहून अधिक स्टार्टर बॅटरीशी संबंधित असतात. हे मान्य करायलाच हवे. पण त्यात मेलेल्या बॅटऱ्यांबरोबर नुसत्या उतरलेल्या बॅटऱ्याही मोजलेल्या असतात. चांगली बॅटरी उतरते तेव्हा तिला उतरवणारे दुसरेच काहीतरी असते. शिवाय ४० टक्के हा आकडा निम्म्याहूनही कमी आहे. त्याच्या भरवशावर प्रत्येक गाडीची बॅटरी बदलणे म्हणजे उरलेल्यांना विनाकारण भुर्दंड.

बॅटरी उतरवणाऱ्या कारणांत सर्वांत चोरटे कारण बंद गाडीतल्या गळतीचे. घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिटची स्मृती यांच्यासाठी बंद गाडीतही थोडा करंट जातो. ५० मिलिअँपिअरपर्यंत तो ठीक मानला जातो. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, जीपीएस, डॅशकॅम किंवा ॲम्प्लिफायर किल्लीच्या वायरऐवजी थेट बॅटरीच्या वायरला टोचून घेतला असेल, तर हा आकडा ३०० मिलिअँपिअरवर सहज जातो. दिवसाला ७.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत निम्म्यावर येते. दिवाळीत गाडी उभी ठेवून गावी गेलेले कुटुंब परत येते, गाडी गप्प असते आणि बॅटरी बदलली जाते. गळती तशीच राहते. अल्टरनेटरमधला एखादा डायोड गळू लागला तरी हेच होते. शोधायची रीत सोपी आहे. दरवाजे बंद करून गाडी अर्धा-पाऊण तास झोपू द्यावी, मग निगेटिव्ह वायरशी मालिकेत अमीटर जोडावा किंवा डीसी क्लँपमीटर लावावा, आणि एकेक फ्यूज काढत जावे. जो फ्यूज काढल्यावर आकडा एकदम खाली येतो, त्याच्या सर्किटात चोर आहे. एकही फ्यूज दाद देत नसेल तर अल्टरनेटरची वायर सोडून पाहावी. पावसाळ्यात बीड बायपासच्या कडेच्या नव्या वसाहतींत, शेताला लागून गाड्या उभ्या राहतात तिथे, उंदराने कुरतडलेली वायर हे कारणही यादीत हवेच.

हवामानाचा विचार तर या वादात जवळजवळ होतच नाही. थंड देशांतून आलेल्या माहितीमुळे बॅटरीचा शत्रू म्हणजे थंडी, अशी समजूत इथेही पसरली आहे. मराठवाड्यात बॅटरीचे आयुष्य खाते ते ऊन. तापमान १० अंशांनी वाढले, की बॅटरीतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो: प्लेटांची जाळी लवकर गंजते, पाणी लवकर उडते, बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना जालना रोडवरच्या रांगेत अडकलेल्या गाडीच्या बोनेटखाली काय होत असेल याची कल्पना करता येते. एप्रिल-मेमध्ये झालेली ही झीज डिसेंबरच्या सकाळी उघडी पडते, कारण थंडीत इंजिन ऑइल घट्ट होते आणि बॅटरीची ताकदही घटते. दोष थंडीच्या नावावर लिहिला जातो. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत उन्हाळ्याच्या आधी आणि मध्ये डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहणे, हे काम बॅटरी बदलण्यापेक्षा कितीतरी आधीचे आहे.

ऊन आणखी एक चकवा देते. महामार्गावरून आलेली गाडी नेवासा फाट्यावर चहासाठी थांबते, आणि परत सुरू करताना स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी काही न करता सुरू होते. इंजिन जोरात फिरते आहे, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही दोषमुक्त आहेत. इथे पहिला संशय गरम झाल्यावर सिग्नल देणे बंद करणाऱ्या क्रँकशाफ्ट सेन्सरवर जायला हवा, मग पेट्रोल पंप आणि त्याच्या रिलेवर. तरीही अशा गाडीला जंपर लावले जातात, बॅटरी बदलली जाते. थंड झालेला सेन्सर तोवर पुन्हा चालू झालेला असतो आणि श्रेय नव्या बॅटरीला मिळते.

या एका ठिकाणी स्कॅनर खरोखर कामाचा आहे. सेल्फ मारताना त्याच्या पडद्यावर इंजिनचे फेरे शून्य दिसले आणि कानाला इंजिन फिरताना ऐकू आले, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर दोषी. इमोबिलायझरने किल्ली नाकारली असेल तर तेही तो सांगतो. पण जाड केबलचा सांधा, अर्थिंगची पट्टी, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, कार्बन ब्रश, यांच्यापैकी कशावरही सेन्सर नसतो. ज्यावर सेन्सर नाही त्याचा कोड येणार कुठून? उलट सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळले, की कंट्रोल युनिटांचा आपसांतला संवाद तुटतो आणि स्कॅनरवर भलभलते कोड उगवतात. स्टीअरिंगचा, एबीएसचा, एअरबॅगचा. ते वाचून महागडी युनिटे बदलली गेली, तर मूळ दोष त्या क्लँपखालच्या क्षारातच राहतो. कोड वाचण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून जुने कोड पुसायचे आणि मग जे परत येतील तेवढेच खरे धरायचे, हा क्रम पाळला नाही तर स्कॅनर दिशाभूल करतो.

स्वस्तात पडते, हा मुद्दा उरतो. पंधरा मिनिटांच्या तपासणीची मजुरी आणि बॅटरीची किंमत यांची तुलनाच होऊ शकत नाही. गॅरेजवाल्याची बाजू मात्र समजून घ्यायला हवी. बॅटरी विकली तर त्याला कमिशन मिळते. अर्थिंगचा बोल्ट घासून आवळला तर गिऱ्हाईक विचारते, ‘एवढ्याशा कामाचे कसले पैसे?’ शोधण्याच्या कौशल्याला पैसे द्यायची गिऱ्हाइकाची तयारी नाही, म्हणून वस्तू विकली जाते. या रिवाजात दोघेही भागीदार आहेत. डायनामोच्या जमान्यातल्या काही सवयीही याच घाईतून टिकून आहेत. चालू गाडीचे बॅटरी टर्मिनल काढून ‘चार्जिंग’ तपासणे ही त्यांतली सर्वांत घातक. अल्टरनेटरचा भार असा अचानक तुटला, की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळते आणि कंट्रोल युनिटच जळू शकते. चार्जिंग पाहायचे तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावावा, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला आणि हेडलाइट, ब्लोअर लावल्यावरही फारसा हलला नाही, तर अल्टरनेटर ठीक.

बॅटरी खरोखर दोषी असतेही, आणि तेव्हा ती बदलायलाच हवी. त्यासाठी आधी ती चार्जरवर पूर्ण चार्ज करावी, कारण उतरलेल्या बॅटरीची परीक्षा घेणे निरर्थक आहे. मग तिच्यावर लिहिलेल्या कोल्ड क्रँकिंग अँपिअरच्या निम्मा भार १५ सेकंद द्यावा, व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर ती गेली. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही सेलचे आम्ल मोजावे. एका सेलची घनता इतरांपेक्षा ०.०५० ने कमी आली, तर तो सेल मेला. नव्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांत त्याच प्रकारची, म्हणजे ईएफबी किंवा एजीएम बॅटरीच टाकावी. साधी बॅटरी तिथे लवकर मरते आणि मग पुन्हा तिच्याच नावाने बोटे मोडली जातात.

हे सगळे परदेशी किंवा महागडे ज्ञान नाही. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडमध्ये मल्टीमीटरने व्होल्टेज ड्रॉप तपासणे शिकवले जाते. आणि हे शहर तर मोजण्यावरच उभे आहे. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाची जुळणी सुरू झाली, त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांचे मोठे जाळे विणले गेले. तिथे काम करणारा माणूस गेज लावल्याशिवाय एक भाग पुढे जाऊ देत नाही. त्याच माणसाची गाडी कंपनीच्या गेटबाहेर बंद पडली, की तिचे निदान न मोजता होते आणि तोही ते निमूट स्वीकारतो. ही विसंगती या शहराने सहन करण्याचे काही कारण नाही.

अवेळी बदललेल्या प्रत्येक बॅटरीबरोबर काही किलो शिसे आणि आम्ल वेळेआधी भंगारात जाते. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरी उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांचा धूर कुणाच्या तरी मुलांच्या श्वासात जातोच, आणि शिशाने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही.

म्हणून बॅटरी बदलण्याच्या प्रत्येक बिलावर चार आकडे लिहिलेले असावेत, अशी मागणी गिऱ्हाइकाने करावी: पूर्ण चार्जनंतर भाराखालचे व्होल्टेज, सेल्फ मारताना पॉझिटिव्ह वाटेतली घट, अर्थिंगमधली घट, आणि बंद गाडीतली गळती मिलिअँपिअरमध्ये. पहिला आकडा ९.६ च्या वर असेल तर बॅटरी परत जागेवर बसवावी आणि उरलेल्या तिघांपैकी जो बिघडलेला असेल त्याची दुरुस्ती करावी. ती मजुरी बिनतक्रार द्यावी.